तिसरी सुरई

टेबलावर तीन सुरया होत्या. अंगरख्याचे बंद सोडता सोडता मी थांबलो आणि पुन्हा पाहिलं. कथलाच्या सुरया, पोटावर नीवर्देइक शहराची मोहर, झाकणावर बोटाएवढा मासा. शहराचा सुरईवाला क्लाइस अर्धा लाल अर्धा हिरवा डगला घालून नेहमीसारखा खाणावळीचा जिना चढून आला होता, 'आपल्या येण्याने शहराला आनंद झाला' हे नेहमीचं वाक्य नेहमीच्याच कंटाळ्याने म्हणाला होता आणि बक्षिसीची वाट न पाहता खाली गेला होता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण क्लाइस बक्षिसी सोडणाऱ्यांतला नाही. पण बोटीत आखडलेले गुडघे चोळण्यात माझं लक्ष होतं. आता खोलीत मी, खिडकीबाहेर कालव्याचं करडं पाणी आणि या तीन. माझ्या दोन असतात. एकोणीस वर्षं दोनच आहेत. न्यायमंडळाच्या चिटणिसाला दोन, मंडळाच्या सभासदाला चार, अध्यक्षाला सहा, आणि स्वतः ड्यूक आले तर अख्खं पिंप गाडीवरून. फ्लँडर्समधल्या कुठल्याही शहरात जा, माणूस वेशीतून आत शिरला की तो किती सुरयांचा हे भाजीवाल्यासुद्धा सांगतात. तीन कुणालाच नसतात. तीन सुरयांचा माणूस देवाने अजून घडवलेला नाही.

पहिल्यांदा मला आनंद झाला, हे कबूल केलेलं बरं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मंडळाचे एक सभासद वारले होते आणि त्यांची खुर्ची अजून रिकामी होती. तिथे कुणाला बसवायचं हे ठरवताना दरबार बंदरांच्या शहरांचं मत विचारतो, आणि नीवर्देइक लहान असलं तरी बंदर आहे. म्हणजे यांच्या कानावर काहीतरी आलेलं असणार. दोनावरून चारावर जाताना वाटेत तीन लागायचेच, असं मी स्वतःला समजावत होतो आणि तेवढ्यात खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसला. छप्पन्न वर्षांचा टक्कल पडलेला माणूस, गळ्याशी उदमांजराची फर, आणि एकटाच हसतोय. लाज वाटली, तरी हसू जाईना. ज्या चौकशीसाठी मी इथे आलो होतो तिला खरं तर माझ्यावरचे एक सभासद यायचे होते; ते गेंटमध्ये सुजलेला अंगठा उशीवर ठेवून पडले होते. त्यामुळे जन्मात पहिल्यांदा अहवालावर माझं एकट्याचं मत जाणार होतं. मी उठून एकेक झाकण उघडलं. पहिल्या दोन सुरयांत ऱ्हाइनकाठची वाइन होती, पिवळी, गोडसर वासाची, दर वर्षीचीच. तिसरीला आंबूस वास आला. एक घोट घेतला. पातळ, जिभेच्या कडांना चावणारी, खलाशी पितात तसली. शहर मला दोन जातींची वाइन कशाला पाठवील? हसू गेलं ते तेव्हा.

खाणावळवाली गोदेलीव वर आली आणि काही न विचारता तिन्ही सुरया उचलून खाली घेऊन गेली. तिला विचारायची गरज नसते. गेली एकोणीस वर्षं माझ्या सुरया तिच्या तळघरातल्या एका पिंपात रिकाम्या होतात, ती वाइन ती गिऱ्हाइकांना विकते आणि माझा वाटा मला देते. गेंट, ब्रुज, कोर्ट्राइक, सगळीकडे माझी अशी एकेक गोदेलीव आहे. लोकांना वाटतं सरकारी माणूस पैसे खातो. खाणं ही फार ढोबळ गोष्ट झाली. त्यात पकडला जातो तो मूर्ख. आमचा पगार नेहमी दोन तिमाही मागे असतो आणि त्यावर कुणी जगत नाही. आम्ही जगतो आदरावर. तीन शहरं मला दर वर्षी झग्याचं कापड देतात, आणि अंग मला एकच आहे. पत्रावर मोहर लवकर उठावी म्हणून कुणी हंसाची जोडी पाठवतं, उशिरा उठावी म्हणून दुसरं कुणी मिठातले सामन मासे. शिवाय आपल्याला एखादी गोष्ट इतरांच्या महिनाभर आधी कळते, ते कळणं हीच आमची खरी जहागीर. कुठला रस्ता होणार, कुठला बांध घालणार, कुठलं अनाथ पोर कुठल्या इस्टेटीसकट कुणाच्या पदरात पडणार. आणि लग्न. माझे साहेब, मंडळाचे चिटणीस रोम्बाउट, वारले तेव्हा त्यांचं पद मला मिळालं आणि दोन वर्षांनी त्यांची विधवाही. आवेझूत माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्नानंतर पहिलं वर्षभर मी तिला चुकून बाईसाहेब म्हणत असे. ती मला चारचौघांत अहो म्हणते आणि घरात अरे योस. घर तिचं, तळघर तिचं, मेहुणा विलमही तिच्याचबरोबर आलेला. मी एकदाही चोरी केलेली नाही. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं आहे की ते गुळगुळीत झालंय, हातात धरलं तर निसटतं.

त्या आंबूस चवीने मला जिथे नेलं तिथे मला जायचं नव्हतं. जिभेवर ती राहिली आणि नाकात मात्र लोकर धुवायच्या मातीचा आणि शिळ्या मुताचा वास आला. माझी आई कापड तुडवायची. गेंटच्या खालच्या आळीत मोठाल्या टाक्यांत लोकर तुडवतात, गुडघ्यापर्यंत त्या पाण्यात उभं राहून; बाप त्याच कामात खोकून गेला आणि त्याच्या टाकीत आई उतरली. तिचे हात पांढरे, भेगाळलेले, आणि त्यांचा वास चर्चमध्येसुद्धा शेजारच्यांना यायचा. लोक थोडे सरकून बसायचे. मी अठरा वर्षांचा झालो, पाद्रीबाबांच्या कृपेने अक्षर चांगलं वळलं होतं, पण कचेरीच्या दारात मला कोण उभं करणार? तेव्हा तिने कुठून तरी एक सुरईभर वाइन आणली. खलाशांची, पातळ. सुरई आमचीच, तपकिरी मातीची, कान तुटलेला, तो तिने तारेने बांधला होता. ती घेऊन ती रोम्बाउटसाहेबांच्या मागच्या दाराशी गेली. मी कोपऱ्यावर थांबलो होतो. बरोबर ये म्हणाली नाही आणि मी येतोही म्हणालो नाही. पुढच्या सोमवारी मला कचेरीत बसायला जागा मिळाली. दोन हिवाळ्यांनी ती गेली. पुढे कितीतरी वर्षांनी, मी त्या घराचा मालक झाल्यावर, तळघरात एका फळीवर ती सुरई दिसली. तीत शिरका भरून ठेवला होता. कुणाची गं ही, मी आवेझूतला विचारलं. ती म्हणाली, आणली होती कुणी बाईने कधीतरी. मला म्हणायचं होतं, ती माझी आई. मी म्हणालो, कान नीट बसवून घे, नाहीतर पडेल.

चौकशी साधी होती. नीवर्देइकच्या बंदरात गाळ साचतो. तो वाहून जावा म्हणून शहर वरच्या अंगाला बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं फळ्यांचं दार, लावून पाणी तुंबवतं आणि मग एकदम सोडतं. त्या तुंबलेल्या पाण्याखाली रीटवेर गावची कुरणं जातात. सनदेत लिहिलंय की उघाडी फक्त मेणबत्त्यांच्या सणापर्यंत लावावी, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. शहर ती ईस्टर उलटला तरी उघडत नव्हतं, असं रीटवेरकरांचं गाऱ्हाणं. तीन वर्षं झाली, गवत कुजलं, गुरं विकली. आता राहिलेली गोष्ट. त्या बुडालेल्या कुरणांपैकी बरीचशी विलमने विकत घेतली होती, मातीमोल भावात, आणि विलमच्या नावामागे मी होतो. कारण मला ठाऊक होतं की पाच-सहा वर्षांत ड्यूक तिथे नवा मोठा बांध घालायची परवानगी देणार आहेत, मग ती सगळी खाजणं गव्हाची जमीन होतील. तोवर रीटवेर जितकं भिजेल तितकं मला स्वस्त. मी कुणाला बुडवलं नव्हतं, पाणी माझं नव्हतं. मी फक्त पाणी ओसरायची वाट पाहत होतो, आणि ते इतक्यात ओसरू नये एवढीच इच्छा होती. आवेझूतबरोबरच आलेल्या मुलीचं, मायकेनचं, एका सरदार घराण्यात ठरत होतं. त्या घराण्याला सासरा सभासद हवा होता आणि हुंड्यात जमीन.

दुपारच्या आधी नगरभवनात साक्षी झाल्या. शहराच्या बाजूने मुख्य पंच स्टेवेन, माझ्याच वयाचा, दोन लोकरीच्या वखारींचा मालक, बोलायला मिठ्ठास. रीटवेरकडून सात जण आले होते आणि बोलायला पुढे केली होती एक बाई. लिसबेत तिचं नाव. नवरा ओल्या हवेने अंथरुणाला खिळलेला, म्हणून त्याच्या जागी ही. पंचेचाळिशीची असेल, कोपरापर्यंत लाल हात, लाकडी बूट दाराशी काढून पायमोज्यांनी आली होती, कारण फरशी चमकत होती. पाणी किती चढतं असं मी विचारलं तर तिने शब्दांत सांगितलं नाही. ती माझ्या मेजाजवळ आली आणि मेजाच्या पायावर, गुडघ्याच्या वर, नखाने एक रेघ ओढली. हलक्या लाकडावर ती रेघ उमटली. स्टेवेनच्या माणसांनी हसू दाबलं. मी विचारलं की मग तुमच्यातले कितीतरी जण जमीन विकून मोकळे कसे झाले. ती म्हणाली, "काय करणार, साहेब? पाण्यात गुरं चारता येत नाहीत. पण घेणारा गेंटचा माणूस चांगला आहे हो. मध्ये ओसरलं होतं तेव्हा बदकं चारू दिली आम्हाला, हूं की चूं केलं नाही. देव त्याचं भलं करो." मी ते लिहून घेतलं. साक्ष शब्दशः लिहायची असते. 'देव त्याचं भलं करो' लिहिताना बोरूचं टोक फाटलं आणि मला दुसरा घ्यावा लागला.

जेवणाच्या सुट्टीत स्टेवेनने मला खिडकीपाशी नेलं. वाटाण्याचं सार, मोहरी लावलेला वाम मासा वगैरे मागे टेबलावर मांडला जात होता आणि त्याचा वास घेत मी ऐकत होतो. त्याने विचारलं, सुरया किती पोचल्या. मी म्हणालो, तीन, आणि आपल्या मोठ्या मनाबद्दल आभारी आहे. तो गालातल्या गालात हसला. शहराने दोनच पाठवल्या होत्या. शहरात भरल्या सुरईने वाइन फक्त शहराच्या तळघरातून विकली जाते आणि काल तिथून एक सुरईभर रीटवेरच्या लोकांनी घेतली होती, सातजणांत वर्गणी काढून. कुणी आजारी नाही, बारसं नाही. मग ती गेली कुठे, हे शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. "हागेलारसाहेब, तुम्हाला कुणाच्या विरुद्ध एक अक्षर लिहायला नको," तो म्हणाला. "फिर्यादींनी चौकशी अधिकाऱ्याला लाच पाठवली, एवढ्या दोन ओळी लिहा. शहर पाठवतं तो पाहुणचार. फिर्यादीने पाठवली तर लाच, हा कायदा तुम्हीच आम्हाला शिकवायचा. फिर्याद आपोआप पडेल. आणि पुढच्या वेळी क्लाइसला दोन हात अपुरे पडतील, चार उचलायला." मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा वाम मासा छान दिसतोय असं म्हणालो. डोकं मात्र चालू होतं आणि ते लख्ख चाललं होतं, हेच भयंकर. दोन ओळी. खुर्ची मिळते, जमीन बुडालेली राहते, मायकेनचं लग्न होतं, आणि एकही वाक्य खोटं नाही. माझ्या सबंध नोकरीत इतका स्वच्छ मार्ग कधी समोर आला नव्हता.

जेवण टाकून मी खाणावळीत गेलो. म्हटलं, निदान ती तिसरी सुरई तशीच परत करता येईल, म्हणजे लाचही नाही आणि पाहुणचारही नाही, मी मोकळा. गोदेलीव तळघरात पिंपावर चिंधी फिरवत होती. तिसरी? ती तर सकाळीच ओतली. आंबट होती, तिला कळलं होतं, पण गोडीत मिसळली की खपते. पिंपाला कान लावला तर आत काही ऐकू येत नाही. मी तरी लावला. मग क्लाइसला बोलावून घेतलं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि विचारायच्या आधीच बोलायला लागला. त्याची बायको रीटवेरची. गावात कळलं होतं की साहेबलोकांना वाइन पोचली की ते ऐकतात, न पोचली तर ऐकत नाहीत. शहराची पोचते हे ते दर वर्षी बघत होते. त्यांना वाटलं, आपली पोचली नाही म्हणून तर तीन वर्षं कुणी ऐकलं नाही. क्लाइसने त्यांना समजावलं होतं, असं करू नका म्हणून. मग स्वतःच घेऊन आला. "त्यांची सुरई मातीची, साहेब. तशीच आणली असती तर गोदेलीवने तबेल्यात पाठवली असती घोडेवाल्यांना. म्हणून मी शहराच्या सुरईत ओतली. शहराच्या सुरया माझ्याच ताब्यात असतात." त्याने बगलेतून फडक्यात गुंडाळलेली सुरई काढून टेबलावर ठेवली. तपकिरी, ठेंगणी, तोंडाशी टवका उडालेला. कान धड होता. मला वाटलं होतं की तुटलेला असेल, आणि तो धड आहे हे पाहून मला रडू आलं. क्लाइस घाबरला. म्हणाला, साहेब, माझी नोकरी गेली तरी चालेल, त्यांना काही करू नका.

धाडस वगैरे काही आलं नव्हतं. मी फक्त विचार करत होतो की रोम्बाउटसाहेबांनी माझ्या आईबद्दल दोन ओळी लिहिल्या असत्या तर. फिर्यादी बाईने अधिकाऱ्याला लाच पाठवली. त्यातही एकही वाक्य खोटं झालं नसतं. त्यांनी लिहिल्या नाहीत, वाइन मात्र प्यायले असतील किंवा विकली असेल, आणि त्या एका सुरईवर मी पुढची अडतीस वर्षं उभी केली. झगे, फर, घर, खाजणं, सगळं. मी कापड तुडवणारीच्या सुरईतून निघालो आणि दोन सुरयांपर्यंत पोचलो. तीन म्हणजे काय हे सकाळपासून मी विचारत होतो. तीन म्हणजे माझ्या दोन आणि तिची एक.

चौकशी संपली की अहवाल दोन्ही बाजूंसमोर मोठ्याने वाचायचा असतो, म्हणजे पुढे कुणी बदलला असं म्हणायला नको. एकदा वाचला की तो तसाच मंडळाकडे जातो. मी उभा राहून वाचला. साक्षी वाचल्या, बदकांचं वाक्यसुद्धा. सनदेतली अट वाचली. मग शेवटचा कागद घेतला, त्यावरची शाई अजून ओली होती. "चौकशी अधिकारी नीवर्देइक इथे आला तेव्हा शहराने त्याला दोन सुरया वाइन पाठवली आणि रीटवेर गावाने एक. तिन्ही त्याने घेतल्या. तिन्ही एकाच पिंपात ओतल्या गेल्या आणि आता त्या वेगळ्या करता येत नाहीत. एक लाच असेल तर तिन्ही लाच आहेत. दोन पाहुणचार असतील तर तिन्ही पाहुणचार आहेत. रीटवेरची जी कुरणं गेंटच्या विलमच्या नावे विकत घेतली आहेत ती या अधिकाऱ्याची आहेत. म्हणून त्याचं मत धरावं की नाही हे मंडळाने ठरवावं. पाणी मात्र त्याच्या मताचं नाही. या दालनातल्या मेजाच्या पायावर रेघ आहे, ती कुणीही मोजावी." स्टेवेन माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की जणू मी भर बाजारात कपडे काढले होते. आणि खरंच, मला अंगाला गार वारा लागत होता.

सगळ्यात आधी लिसबेत बोलली. तिला सुरयांचा कायदा नीट कळलाच नव्हता. तिला एवढंच कळलं होतं की गेंटचा माणूस मी. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बुटांपासून फरपर्यंत, आणि मी डोळे खाली घातले. मी तिला म्हणालो की कुरणं ज्या भावात घेतली त्याच भावात परत देईन, हातात येईल तेव्हा द्या. अशा सौद्यावर दोन्ही बाजूंनी साक्षीदारांसमोर एकेक घोट प्यायचा असतो, तो आमच्याकडे रिवाज आहे, नाहीतर सौदा धरत नाही. मी क्लाइसला त्यांची मातीची सुरई देऊन गोदेलीवच्या पिंपाकडे पाठवलं. ती भरून आली. आधी मी प्यालो, मग ती. तिने घोट तोंडात घोळवला, गिळला आणि भुवया उंचावल्या.

"आमची ही नव्हे," ती म्हणाली. "आमची आंबट होती. शहराच्या तळघरवाल्याने फसवलं आम्हाला, तरी तुम्ही घेतलीत. ही बरी आहे." मग थोडं थांबून, "तुम्ही पण बरे आहात म्हणायचं का, साहेब, ते पाणी उतरल्यावर सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परतीच्या बोटीत बसलो. निरोपाच्या सुरया आल्या नाहीत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. खुर्ची गेली हे मला कुणी सांगायला नको होतं, आणि कदाचित दोन सुरयांची चिटणिशीही जाईल. मायकेनला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. बोट उघाडीपाशी आली तेव्हा नावाडी म्हणाला, अरे, आज हे काय. चार माणसं दांडे घालून फळ्या वर काढत होती. एप्रिल होता, ईस्टर होऊन गेला होता, आणि स्टेवेन वेडा नव्हता. जो अहवाल गावासमोर वाचला गेला तो गेंटला पोचायच्या आत उघाडी उघडी दिसलेली बरी, हे त्याला रात्रीतून सुचलं असणार. त्याच्या मनात काय होतं याचं पाण्याला काय. ते गढूळ, फेसाळ, बोटीला धक्के देत सुटलं होतं. बांधापलीकडे, मैलभर तरी, नुसतं चकाकणारं पाणी आणि त्याच्या कडेला अगदी अरुंद अशी, ओल्या चिखलाची काळी पट्टी. घटकाभराने मागे वळून पाहिलं तेव्हा ती किंचित रुंद झाली होती. किंवा मला तसं वाटलं. मला तसं वाटायला हवं होतं.

घरी पोचलो तेव्हा आवेझूत अंगणात उन्हात बसून वाळवलेल्या शेंगा सोलत होती. त्रेसष्ट वर्षांची आहे, डोळ्यांना कमी दिसतं, हातांना दिसतं सगळं. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. खुर्ची, विलम, कुरणं, मायकेनचं सासर. ती सोलतच होती. विलम ओरडेल, ती म्हणाली, त्याला मी बघते. आणि ज्यांना सासऱ्याची खुर्ची हवी त्यांनी खुर्चीशीच लग्न लावावं. मग मी तळघरात गेलो आणि ती सुरई घेऊन वर आलो. कान तारेनेच बांधलेला होता, मी सांगूनही तिने तो कधी बसवून घेतला नव्हता. मी ती तिच्या मांडीवर, शेंगांच्या सालींत ठेवली. म्हणालो, ही घेऊन आलेली बाई माझी आई होती.

तिने सुरईवरून हात फिरवला, तारेपाशी येऊन थांबली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मागचं दार मीच उघडलं होतं ना. तेव्हा मी या घरात नवीनच होते. तिने सुरई माझ्या हातात दिली आणि साहेबांबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं, पोराला बसायची जागा शेगडीजवळ मिळेल का, त्याला थंडी बाधते. कोपऱ्यावर तू उभा होतास, दिसत होतास. म्हणून तर तुला शेगडीजवळ बसवलं होतं, वेड्या. तू सांगशील म्हणून मी थांबले, आणि थांबता थांबता अडतीस वर्षं झाली."

मला ती जागा आठवली. कचेरीत पहिल्या दिवसापासून माझं मेज शेगडीला लागून होतं, आणि मी आजवर समजत होतो की ती मला माझ्या अक्षरामुळे मिळाली. आवेझूतने सुरई उचलून कानाशी धरली, हलवली. शिरका आहे अजून, म्हणाली, रात्रीच्या माशावर घालू या, आणि मग ही धुऊन वर ठेव, खिडकीत, चांगली दिसेल तिथे.